कादंबरीत न छापलेलं प्रकरण

माझ्या थोरल्या भावाला कऱ्हाडच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायचा नाद होता आणि मला त्या चोरून वाचायचा. त्यातला नायक बहुतेक वेळा एकाच साच्यातला. कॉलेजात शिकणारा, किडकिडीत, चष्मेवाला, बाईच्या वाऱ्यालाही कधी उभा न राहिलेला. नायिकेनं चहाचा कप पुढं केला की ह्याच्या हाताला कापरं भरायचं. मला भारी राग यायचा. असला बाप्या कुठं असतो का! आमच्या चावडीवर बसणारे सगळे तर जगातलं सगळं कळून चुकल्यासारखे खाकरायचे.

माझी सोयरीक ठरली आणि नवरदेव पलटणीबरोबर समुद्रापार गेला. लढाई संपल्यावर रजेवर परतला तेव्हा कुठं लग्न लागलं. मी विशीची, ते माझ्याहून बरेच मोठे. वहिनी म्हणाली, "मुलूख फिरून आल्याला गडी हाय. त्येला काय शिकवाय लागतंय? तू निस्ती गप ऱ्हा."

मी गप राहिले. तेही गप राहिले.

सुरुवातीला देवाचं कारण होतं. आमच्यात जोडपं खंडोबाला जाऊन आल्याशिवाय संसार सुरू होत नाही, आणि देवाच्या पायऱ्यांवर नवऱ्यानं बायकोला उचलून न्यायचं असतं. उचललं त्यांनी. बंदूक पेललेले हात, पण असे थरथरत होते की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, मी जड आहे. त्या दिवसापासून मी एक भाकरी कमी खाऊ लागले.

देवाला जाऊन आलो, तरी हे अंगणातच घोंगडं टाकून झोपायचे आणि पहाटे उठून त्याची घट्ट वळकटी करून ठेवायचे. सासूबाई त्या वळकटीकडं बघायच्या, मग माझ्याकडं. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरी, तू त्येच्या मनात न्हाईस का? तसं आसंल तर त्यो पलटणीत जायच्या आत तुझ्या बापाला बोलवाय लागंल."

टाकलेली पोरगी माहेरात कशी दिवस काढते ते मी शेजारच्या घरात बघितलं होतं. भीती वाटायची आणि रागही यायचा, पण राग नक्की कुणाचा ते कळायचं नाही. तिकडं कुणी गोरी बघून आले असतील? मी काळी म्हणून? की जड म्हणून? डोक्याचा नुसता भुगा. कादंबऱ्यांना विचारावं तर त्यातले लाजरे नायक चष्मेवाले आणि कविता करणारे. आमच्या ह्यांना झुपकेदार मिशा. मिशावाला माणूस लाजतो असं कुठंच छापलेलं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी घरची सगळी उंब्रजला गेली. मी भाकरी घेऊन मळ्यात गेले. ह्यांचं जेवण होईपर्यंत वाचावी म्हणून पाटीच्या तळाशी माहेरहून आणलेली कादंबरी ठेवली होती. ते उसाला पाणी पाजत होते. हात धुऊन जेवायला बसले आणि माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाले, "काय हाय त्यात?"

"गोष्ट हाय."

"मोठ्यानं वाच की. पलटणीत समदं इंग्रजी अक्षरात शिकवलं. आपली अक्षरं आता लवकर लागत न्हाईत मला."

मी वाचू लागले. नेमकं लग्नानंतरचंच प्रकरण होतं. नायक खोलीच्या दाराशी घुटमळला, कपाळाला घाम, घशाला कोरड. ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. पाणी सरी फोडून वाटेवर आलं, तरी हे उठेनात. शेवटी नायकानं धीर करून कंदील मालवला. प्रकरण संपलं.

"फुडं?" ह्यांनी विचारलं.

मी पान उलटलं. "फुडं बारसं हाय."

"आन् मधलं?"

"मधलं छापल्यालं न्हाई."

त्यांचे कान लाल झाले. खाली बघत म्हणाले, "पलटणीतली माणसं लय काय काय सांगायची. समदी हसायची म्हणून मी बी हसायचो. मला त्यातलं काय बी ठावं न्हाई गं. तू शिकल्याली, पुस्तकं वाचणारी. मला वाटलं, तुला समदं ठावं आसंल. मला हसशील."

"मला?" मी ओरडलेच. "आवं, मी हीच पुस्तकं वाचलीत!"

कुणी कुणाला काय सांगायचं तेच कळेना. शेवटी मनातलं मी विचारून टाकलं, "मग पायरीवर हात का कापत हुतं? मी जड झाले व्हय?"

"जड?" ते म्हणाले. "मला वजन कळलंच कुटं!"

मला हसूही आलं आणि रडूही. ते पाणी वळवायला पळाले, मी पाटी डोक्यावर घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी अंगणात नजर टाकली. वळकटी नव्हती. माझ्या ताटात त्यांनी एक भाकरी जादा वाढली, आणि मी ती खाल्ली.