मी सरळ केलेल्या टाचण्या

गौरवग्रंथ समितीस सविनय नमस्कार. मजकूर फार उशिरा पाठवतो आहे, माफी असावी. मी चौथी शिकलेला माणूस. चार वेळा लिहिले, चारही वेळा फाडले. छपाई सुरू झाली असेल या काळजीने आज पाठवतोच आहे.

आदरणीय दिगंबर सोनवणे सर धुळ्याहून जळगावला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, तेव्हा मी तिथल्या प्रयोगशाळेत हंगामी शिपाई होतो. मी एरंडोलचा. पहिल्या दिवसापासून सर मला भाऊ म्हणत.

त्या वर्षी तपासणीला साहेब येणार होते. सरांनी आदल्या दिवशी फळीवर काचेची जाड चीप ठेवून तिच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन टाचण्या रोवल्या होत्या. सकाळी मी चीप पुसायला उचलली, तर चारही टाचण्या एका ओळीत नाहीत. कोणाचा धक्का लागला असेल असे वाटून मी पट्टी लावून त्या सरळ केल्या आणि चीप जागेवर ठेवली.

साहेबांनी काचेतून पाहिले, तर ओळ तुटलेली. मांडणी कोणाची, असे त्यांनी विचारले. मला कायम करण्याचे कागद त्याच साहेबांच्या सहीला होते. मी मान खाली घालून कपाटाच्या काचा पुसत राहिलो.

सर म्हणाले, "मांडणी माझी. चूकही माझीच."

शेरा सरांच्या नावावर लागला. मी कायम झालो.

संध्याकाळी सर रागावले नाहीत. त्यांनी मला मैदानात नेले. एका बाकाचे एक टोक मी धरले, दुसरे त्यांनी, आणि आम्ही शेजारी शेजारी लांब उडीच्या खड्ड्याकडे तिरपे चालू लागलो. माझा पाय आधी वाळूत रुतला. मी मंदावलो, ते चालत राहिले, आणि बाक माझ्या बाजूला वळला. प्रकाशाचेही असेच, सर म्हणाले. हवेत तो वेगाने जातो, काचेत मंदावतो, म्हणून तिरपा शिरला की वळतो. बाहेर पडताना पुन्हा पहिली दिशा धरतो, पण जरा बाजूला सरकून. म्हणून काचेतून सरळ दिसणाऱ्या टाचण्या काच उचलली की वाकड्या दिसतात.

मग हसून आमच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तुम्ही बठ्ठं सरळ करी टाकं. आते पहिले काचमाईन दखा, मंग हात लावा." म्हणजे, तुम्ही सगळे सरळ करून टाकलेत; आता आधी काचेतून बघा, मग हात लावा.

पुढे कित्येक वर्षे शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'टाचणीवाले सर' म्हणून चिडवत. सर हसत. मी तिथेच चहा देत उभा असे.

ती चूक माझी होती. हे सरांच्या पंच्याहत्तरीला, त्यांच्यासमोर, सर्वांना कळावे. जागा कमी असेल तर बाकीचे कापा, एवढे राहू द्या, आणि खाली श्रावण महाजन हे नाव पूर्ण घाला.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, म्हणजे हे पान त्यांना स्वतः वाचता येईल. छापता की नाही, तेवढे लवकर कळवा. मी वाट पाहतो आहे.