'सी ऑफ'चा पाठ

मिरजेहून निघालेली छोट्या रुळांची गाडी बेंगळूरला पोचली तेव्हा नुकतंच उजाडलं होतं, आणि हवा अशी गार की ट्रंकेतली शाल काढावी लागली. इंग्रजी कसं शिकवावं ते शिकायला मी आले होते. प्रशिक्षणाच्या शेवटी वर्गावर घ्यायचा परीक्षेचा पाठ फसला तर आमच्या शाळेतले मॅट्रिकचे इंग्रजीचे तास मला मिळणार नव्हते. त्या तासांसाठी हेडमास्तरांशी वर्षभर हुज्जत घातलेली, त्यामुळे धास्ती चांगलीच होती.

उतरले चिकपेटेत, अक्कांकडे. कापडदुकानदारांचं जुनं मराठी घर, पण बोलणं निम्मं कन्नड.

"स्वल्प (थोडं) उप्पिट्टु खाऊन जावा, बाई. उपाशी पोटी इंग्लिश कुठलं येतंय?" अक्का रोज म्हणायच्या. उप्पिट्टु म्हणजे आपलं उपीटच, फक्त मिरची सढळ.

पाठासाठी मला 'सी ऑफ' आलं. प्रशिक्षणाच्या सरांनी त्याचं मूळ समजावलं: 'सी' म्हणजे बघणं, 'ऑफ' म्हणजे दूर. जाणारा दूर जाईपर्यंत उभं राहून बघायचं, त्यातून हे निघालं. पुढे नुसतं स्टेशनावर पोचवण्यालाही तेच म्हणू लागले. अट एकच, दुसऱ्या भाषेतला शब्द न वापरता, करून दाखवून शिकवायचं.

पाठाच्या दिवशी तिथल्या शाळेच्या वर्गातल्या एका मुलीला मी प्रवासी केलं. बाकीच्यांनी रुमाल हलवले. ती "होगि बर्तीनि" (जाऊन येते) म्हणाली, दाराबाहेर गेली आणि लगेच हसतमुखानं परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. येते म्हटलं म्हणजे यायलाच हवं ना! आपल्याकडेही 'जाते' म्हणत नाहीत, तेव्हा हे मला आधीच सुचायला हवं होतं. मागच्या बाकावर सरांचा चेहरा मख्ख.

शेवटी मीच पिशवी उचलली आणि निघाले. व्हरांडा, मैदान, फाटक ओलांडून भिंतीआड झाले. परतले तर सगळा वर्ग खिडक्यांना लोंबकळत होता आणि ती मुलगी इंग्रजीतून सांगत होती, "आम्ही बाईंना सी ऑफ केलं."

"मला वाटलं, तुम्ही मिरजेची गाडीच पकडलीत," सर म्हणाले, आणि त्यांनी मला पास केलं.

निघायच्या दिवशी अक्का चटणीपुडीचा (कोरड्या चटणीचा) डबा घेऊन स्टेशनावर आल्या. "सरी, होगि बन्नि (बरं, जाऊन या)," एवढंच बोलल्या. गाडी हलली तशा बरोबर चालू लागल्या, आणि फलाट संपला तिथे थांबल्या. हात हलवला नाही, काही नाही, नुसत्या बघत राहिल्या. वळण येईपर्यंत मला त्यांचं हिरवं लुगडं दिसत होतं. मी खिडकीत बसून चक्क रडले.

मॅट्रिकचा वर्ग मला मिळाला. सगळे पाठ मी खणखणीत आवाजात घेते. 'सी ऑफ' आलं की मात्र घसा धरतो, आणि मुलींना वाटतं, बाईंना सर्दी झाली आहे.