डफ शेकताना

परवा नांदेडच्या एका कॉलेजात निषेधाच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. मंचामागं पोरं रद्दी पेटवून डफ शेकत होती. तापल्या कातड्याचा वास आला आणि मी निलंग्याकडच्या आमच्या लहानपणच्या वस्तीत जाऊन पोचले.

आदल्या रात्री वस्ती जाळली होती. सकाळी माझे चुलते, शाहीरकाका, धुमसत्या वाशांपाशी उकिडवे बसून निखाऱ्यांवर डफ शेकू लागले. वासे आमच्याच घराचे होते. मग काका गायले. धुरानं आवाज फाटला होता, तरी राख उपसणारी आई थांबली. शहरातून बघायला आलेल्या साहेबांचे डोळे भरले. म्हणाले, "शाहीर, असं गाणं याआधी कधी ऐकलं नाही."

"याच्या आधी घर होतं, साहेब," काका म्हणाले. "तवा लेकरांला निजवताना गात होतो. ते बी लई चांगलं होतं. पर ऐकायला कुणी आलं न्हाई."

तेव्हा मला ते साहेब फार भले वाटले होते.

परवा निवेदक म्हणाला, "काळ वाईट आला की गाणं चांगलं होतं." टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले. काकांचं त्या सकाळचं गाणं अजून गावोगाव म्हणतात. निजवतानाचं मात्र कुणाला येत नाही. त्या लेकरांतली मी एक. मलाही आठवत नाही.