म्हशीला रकाना नव्हता

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे घटना खऱ्या, शब्द माझे. म्हणजे घटनांनाही जागोजागी थोडी इस्त्री केलीय म्हणा. पण कापड अस्सल आहे.

असले किस्से साठतात कसे, तर आमच्या क्लिनिकच्या मागच्या खोलीत जुन्या कुबड्या साठायच्या तसे. बरा झालेला पेशंट कुबडी ठेवून जायचा. ती फेकवत नाही, कोणी परत मागत नाही, आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या एकदम अंगावर!

क्लिनिक डॉक्टर हुद्दारांचं. हुबळीत, कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत, फक्त संधिवाताचं. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीनं नवी गोळी काढली होती आणि ती पेशंटांना देऊन बघायचं काम डॉक्टरांकडे आलं होतं. काहींना खरी गोळी, काहींना खोटी; दिसायला दोन्ही सारख्याच. गोळ्या फुकट. अट एकच, पेशंटला किती बरं वाटलं ते आकड्यांत मोजून द्यायचं. पावसाळा संपला की मुंबईचे साहेब येणार, आकडे बघणार. आकडे चांगले असले तर गोळ्या चालू, नाहीतर बंद.

आता तापाला थर्मामीटर आहे. दुखण्याला काय लावणार? म्हणून मला ठेवलं होतं. सांधे दाबायचे, मूठ आवळायला लावायची, प्रश्न विचारायचे, आकडा लिहायचा. पेशंट मला ‘मोजणीदार’ म्हणायचे. बायको अजून म्हणते, पण तिचं कारण वेगळं.

पहिल्याच दिवशी आल्या तुंगाक्का. अळणावरच्या बाजूच्या खेड्यातल्या. बोटं सुजून कोवळ्या गाजरांसारखी झालेली.

मी विचारलं, “काय त्रास आहे, अक्का?”

“म्हैस जायलीय, अण्णा.”

“म्हशीचं नाही, तुमचं विचारतोय.”

“माझंच सांगायलेय की! ती माझ्याशिवाय कुणाला दूध काढू देईना. माझी बोटं आवळेनात. लेक म्हणतोय, बाजार दाखवतो तिला. तुझी गोळी चालली तर म्हैस राहती. नाही चालली तर जाती. लिही.”

मी फॉर्म वरून खाली वाचला. परत खालून वर वाचला. म्हशीला रकाना नव्हता.

*

फॉर्म परदेशातून आला होता. तिकडच्या माणसाला रोजची कामं करता येतात का, ते विचारून विचारून तयार केलेला. डॉक्टरांनी त्याचं मराठी आणि कानडी करून घेतलं, पण माणसं तिकडचीच राहिली ना आत!

“बाथटबमध्ये आत-बाहेर करता येतं का?” असं मी एका वकिलांना विचारलं. त्या दिवसांत हुबळीला नळाला पाणी यायचं ते पाहुण्यासारखं. वकील म्हणाले, “आधी पाणी हजर करा, मग पाय आत टाकतो!”

“मोटारीत चढता-उतरता येतं का?” हे दुर्गदबैल बाजारातल्या कापडवाल्या बसण्णांना विचारलं. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि हळूच म्हणाले, “कुणाच्या?”

“मांस कापता येतं का?” विचारल्यावर एक लिंगायत आजी उठून चालायलाच लागल्या. त्यांचे गुडघे इतके चांगले आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, “मांस काढा. तिथं भोपळा घाला. भोपळा कापायला तेवढाच जोर लागतो.”

घातला भोपळा. आणि महिनाभरात आमच्या आकड्यांवरून असं सिद्ध झालं, की हुबळी-धारवाडातल्या झाडून सगळ्या बायका हातानं अधू आहेत! एकीलाही भोपळा कापता येत नव्हता. डॉक्टर रात्रंदिवस काळजीत. शेवटी आमच्या सिस्टर फिलोमिनांनी एकीला खोदून विचारलं.

ती म्हणाली, “अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी गडीमाणसानं लावायची असती की वो. बायांनी लावत नाहीत. मालक घरी नसले तर मी कशी कापू?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, “सर, नवऱ्यांना गोळी देऊया का?”

*

सांधे दाबायची एक पद्धत होती. दाबल्यावर पेशंट ‘दुखतंय’ म्हणाला तर एक मार्क. तोंड वाकडं केलं तर दोन. हात मागं ओढला तर तीन.

विद्यानगरहून एक तरुण सूनबाई यायच्या, सोबत सासूबाई. मी सुनेचा गुडघा दाबला. सून दगडासारखी शांत. सासूबाई शेजारून किंचाळल्या, “अय्यय्यय्यो!”

दुसरा गुडघा दाबला. सून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतेय. सासूबाईंनी स्वतःचा पाय मागं ओढला!

मी डॉक्टरांना विचारलं, “मार्क कुणाला देऊ?”

सुनेनं तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. “त्यांनाच द्या. घरीपण त्याच घेतात.”

*

मुठीचा जोर मोजायला बी.पी.चं मशीन वापरायचो. पट्टा गुंडाळून थोडी हवा भरायची आणि पेशंटला आवळायला सांगायचं. पारा किती चढला तो जोर.

धारवाडचा एक पैलवान आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला. वडील आवळायचे, पारा जरासा हलायचा आणि परत झोपायचा. पैलवानाला बघवेना.

“असं नव्हे अप्पा, असं!” म्हणून त्यानं पट्टा हातात घेतला.

पुढचं नीट दिसलं नाही. फाट्कन आवाज आला, आणि नंतर सिस्टर फिलोमिना पोस्टकार्ड घेऊन फरशीवर पाऱ्याचे मणी गोळा करताना दिसल्या.

वडील कौतुकानं म्हणाले, “लहानपणापासून असाच आहे.”

मशीन दुरुस्तीला बेळगावला गेलं. ते तिथंच रमलं.

*

मशीन गेल्यावर आमची सगळी भिस्त रेघेवर आली. कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. या टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, त्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. पेशंटनं आपलं दुखणं असेल तिथं फुली मारायची. आम्ही पट्टीनं मोजायचं आणि शंभरापैकी आकडा लिहायचा.

बसण्णांपुढं कागद ठेवला. त्यांनी फुली मारली नाही. खिशातून टेप काढली, रेघेवर लावली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“मोजणीदार, ही दहा न्हाई.”

“दहाच आहे हो.”

“साडेनऊला जरा वर. मापात मारायलाय तुम्ही! दुर्गदबैलात असं माप दिलं तर संध्याकाळी दुकान बंद होतंय.”

मोजली तर खरंच कमी! सायक्लोस्टाइलवर कागद काढताना रेघ आखडली होती. डॉक्टरांनी सगळे कागद रद्द केले. बसण्णांनी दुकानातली लोखंडी पट्टी आणून दिली आणि नव्या रेघा समोर बसून मारून घेतल्या.

मग मारली फुली. ऐंशीवर.

डॉक्टर म्हणाले, “बसण्णा, सूज तर उतरलीय की! ऐंशी कसं?”

“बरं, पंच्याहत्तर.”

“अहो, मी भाव करत नाहीये.”

“सत्तर. तुमचं राहू दे, माझं राहू दे. याच्या खाली मला परवडत नाही.”

*

रेघेचे दुसरे गिऱ्हाईक बेनाडीकर हेडमास्तर. रिटायर होऊन वर्षं झाली होती, पण पन्नाशीच्या आतला कुठलाही माणूस त्यांना आपला विद्यार्थीच वाटायचा. पहिल्या भेटीत ते वेदनेनं घामाघूम झाले होते. खडूसुद्धा धरवत नव्हता. फुली मारली चाळिसावर.

मी म्हटलं, “मास्तर, एवढं दुखतंय, आणि फक्त चाळीस?”

“चाळीसच. आधीच जास्त दिले तर वर्षभर तो अभ्यास करत नाही.”

*

गोळ्या वाटायचा दिवस गुरुवार. अळणावरकडचे पेशंट सगळे एकाच गाडीनं यायचे आणि एकाच गाडीनं परत जायचे. डॉक्टरांच्या कामाचा सगळा पाया हा, की खरी कोणाला आणि खोटी कोणाला हे बाटल्यांवरच्या नंबरावरून पुढं कळेल.

एका गुरुवारी मी स्टेशनवर कोणाला तरी सोडायला गेलो. गाडीच्या डब्यात बघतो तर मधोमध तुंगाक्का बसलेल्या, मांडीवर पितळी डबा. सगळ्यांनी आपापल्या बाटल्या डब्यात ओतल्या. तुंगाक्कांनी झाकण लावून डबा खदाखदा हलवला आणि मुठीमुठीनं सारख्या वाटण्या केल्या.

मी खिडकीतून ओरडलो, “अक्का, हे काय करायलाय!”

“तू नाही का सांगितलास, काहींची खोटी असते म्हणून?”

“मग?”

“एका गाडीनं यायचं, आणि एकाला खरी, एकाला खोटी? आम्हाला असलं चालत नाही, अण्णा.”

गाडी हलली. मी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ कुबड्यांच्या खोलीत एकटेच जाऊन बसले.

पण ऐका. महिन्याभरानं तुंगाक्का आल्या त्या हसतच. बोटं बारीक झालेली. म्हणाल्या, “काल म्हशीखाली बोटं आवळली. अर्धा तांब्या काढलं.” पुढच्या खेपेला पाऊण. पावसाळा संपत आला तेव्हा भरलेला तांब्या. लेकानं बाजाराची गोष्ट सोडून दिली होती.

मी विचारलं, “आणि गोळ्या बंद झाल्या तर?”

त्यांचं हसू गेलं. “असं नको बोलू.”

*

साहेब येणार ही बातमी क्लिनिकच्या बाकावर फुटली, आणि शेजारचं धारवाड पडलं शाळा-कॉलेजांचं गाव. लोकांनी अर्थ काढला तो असा: मुंबईहून इन्स्पेक्टर यायलाय, आपल्या डॉक्टरांची परीक्षा आहे, आणि मार्क आपण द्यायचेत!

मग काय विचारता! डॉक्टर देवमाणूस, पैसे न घेता बघणारा. जो तो आला आणि रेघेच्या पार त्या टोकाला फुली मारून गेला. शंभरापैकी शंभर! विद्यानगरच्या सासूबाईंनी तर सुनेच्या हातून पेन घेऊन रेघेच्या बाहेर फुली मारली. बसण्णांनीसुद्धा भाव केला नाही. तुंगाक्कांना रेघ बोटानं दाखवावी लागली. म्हणाल्या, “टोक कुठलं? तिथंच मार.”

मी म्हणत होतो, “अहो, शंभर म्हणजे जास्त दुखतंय!” पण पेपर तपासायला बसलेल्या माणसाला कोण शिकवणार?

एकट्या हेडमास्तरांनी बासष्ट दिले. तेही नाराजीनं.

*

साहेब आले. सूट, टाय, आणि घाम. आकडे चाळले.

“डॉक्टर, तुमच्याकडे खरी गोळी घेणारे बिघडलेत. खोटी घेणारेही बिघडलेत. सगळे एकाच आठवड्यात बिघडलेत. आम्ही माल बंद करतो.”

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. परीक्षा, मार्क, पितळी डबा. जेवढं समजावलं तेवढा साहेबांचा चेहरा लांब होत गेला.

डॉक्टर म्हणाले, “अहो, या बाई बघा. यांची मूठ वळत नव्हती. आता हातात जोर आलाय.”

“मोजून दाखवा. मशीन कुठाय?”

“बेळगावला.”

बाकावर सगळेच बसले होते. हेडमास्तर, बसण्णा, सिस्टर, मी. तुंगाक्का पुढं झाल्या. “सायेब, म्हैस असती तर आत्ता दाखवलं असतं.”

“म्हशीला आमच्या फॉर्मात जागा नाही,” असं म्हणून साहेबांनी बॅगेचं कुलूप लावलं आणि ते दाराकडे वळले.

तेव्हा बेनाडीकर हेडमास्तर बाकावरून उठले. शांतपणे साहेबांसमोर गेले आणि त्यांनी साहेबांचा डावा कान धरला.

मास्तरांची कान धरायची पद्धत जरा वेगळीच निघाली. पिरगाळला नाही. वर मुळाशी चिमटीत पकडला, एकेक बोट आवळत खाली आणला, सोडला, परत वर. एका लयीत. साहेबांची किंकाळी कोप्पीकर रोडवर ऐकू गेली म्हणतात. एक रिक्षावाला आत डोकावून गेला, हे मी स्वतः बघितलं.

डॉक्टर हुद्दारांना सवयच पडलेली. त्यांनी भान हरपून रेघेचा कागद पुढं केला. “किती दुखतंय? फुली मारा.”

साहेबांनी एका हातानं कान धरून पार त्या टोकाला फुली मारली.

बसण्णा म्हणाले, “रेघ पुरी दहाची आहे बरं का. माझी आहे.”

हेडमास्तरांनी चष्मा पुसून कागद बघितला. “एवढं नसतं रे. पासष्ट.”

साहेब खुर्चीत बसले. पाणी प्याले. मग त्यांनी बॅग उघडली, फॉर्म काढला आणि समासात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. पण पुढच्या गुरुवारी गोळ्या आल्या, आणि त्यानंतरही येत राहिल्या.

आता यातला एक तुकडा रचलेला आहे, तेवढा सांगून टाकतो. हेडमास्तर त्या दिवशी बाकावरून उठलेच नव्हते. त्यांनी बसल्या जागी नुसते मार्क दिले. कान दुसऱ्याच कोणीतरी धरला होता. नाव मास्तरांचं घातलं, कारण ते आता नाहीत. आणि तुंगाक्का अजून दर गुरुवारी अळणावरच्या गाडीनं येतात.