उम्म नायफचा धूर

सिद्राच्या टेकडीवर आता एकच धूर निघतो, उम्म नायफच्या ताबूनचा. ताबून म्हणजे मातीची बुटकी घुमटी. रोटी आत भाजायची, बाहेरून मेंढ्यांच्या लेंड्या रचायच्या आणि त्यावर राख लोटून विस्तव धुमसत ठेवायचा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं बजावलं होतं, "नवरा रुसला तर चालेल, विस्तव रुसता कामा नये."

तो कधी रुसला नाही. बाळंतपणात नाही, नवऱ्याच्या मयतीला नाही, फौजेनं घर पाडलं त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी तिनं अंथरूण मागच्या गुहेत नेलं आणि राख सारखी केली. शेजारणी मात्र एकेक करून यट्टा गावात राहायला गेल्या. तिकडेच राहणारा तिचा मुलगा नायफ म्हणतो, आई, तूही ये. पण समोरच्या टेकडीवरचे वसाहतवाले रोज सकाळी इकडे बघतात. धूर दिसला नाही की घर रिकामं समजून आपली मेंढरं आत घालतात. मग जागा गेलीच.

अशात रामल्ला शहरातून रवंद नावाची पोरगी आली, उम्म नायफवर माहितीपट काढायला.

"खाला, कॅमेऱ्याकडे बघू नका. मी इथं नाहीच असं समजा."

"नसलेली माणसं भरपूर आहेत गं माझ्याकडे. तू आहेस तेवढी राहा की!"

पोरगी खळखळून हसली. त्या अंगणात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

संध्याकाळी रवंद म्हणाली, "राख जरा बाजूला करता? निखारे दिसू देत."

उघडा विस्तव भराभरा जळून जातो, हे उम्म नायफला काय सांगायला हवं? पण नाही म्हटलं तर पोरगी सामान आवरायला लागेल. तिनं राख ओढली.

"अजून एकदा, खाला. काय सुंदर दिसतंय!"

"दिसू दे. जेवायला थांबतेस ना?"

सकाळी तिनं राखेत हात घातला. गार.

"अगं बाई, विझला!"

रात्री गुहेतच झोपलेली रवंद धावत आली. "माझ्याकडे लायटर आहे."

"लायटर माझ्याकडेही आहे. शेजारीण नाही. विझलेल्या ताबूनला विस्तव शेजारणीकडूनच मागून आणायचा असतो. कुणाकडे जाऊ?"

समोरच्या उतारावरून मेंढरं खाली येत होती, मागे एक माणूस. उम्म नायफनं क्षणभर तिकडे पाहिलं आणि रवंदपुढे ओढणीचा पदर पसरला.

"आज तू शेजारीण. घाल विस्तव."

रवंदनं एका हातानं लायटर दिला, दुसऱ्यानं कॅमेरा उचलला.

"ठेव तो खाली! शेजारीण काय नुसती बघत उभी राहते? ओला पेंढा आण, लेंड्या आण, पळ!"

दोघींनी डोळे चोळत, खोकत धूर केला. चांगला काळा, जाड. खालच्या ओढ्यापाशी तो माणूस थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यानं मेंढरं वळवली.

दुपारी रवंदची गाडी आली. "पुन्हा येईन, खाला."

"ये हं," उम्म नायफ म्हणाली, आणि लगेच राख लोटायला बसली. या वेळी चांगली जाड.

ताबून पुरता तापला तेव्हा तिनं पहिली रोटी खाल्ली. दुसरी, शेजारणीच्या वाट्याची, ताबूनच्या झाकणावर ठेवली. ती संध्याकाळपर्यंत तिथं गरम राहिली.