न धुतलेलं फडकं

दाताच्या दुखण्यापायी मिरी दोन दिवस प्राण्यांच्या दवाखान्यात राहून आली आणि कापूस तिच्यावर तुटूनच पडला. चार वर्षं एकमेकांना टेकून झोपणारे आमचे हे दोन ससे. घरभर केसांचे पुंजके उडाले.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "तिला दवाखान्याचा वास येतोय. त्याच्या लेखी ती परकीच. मध्ये जाळी लावा आणि रोज एकाच्या अंगाखालचं फडकं दुसऱ्याला द्या."

मला स्वच्छतेचं भारी वेड. आठवडाभर ती फडकी साबणाने धुऊन, उन्हात वाळवून मगच बदलत होते. दोघं जाळीवर धडका मारतच राहिले. हे सांगितलं तेव्हा बाई हसल्याच. "अहो, धुतलंत तर त्यात राहिलं काय?"

तेव्हापासून तशीच देते, केस चिकटलेली, उग्र वासाची.

ताईशी माझं वर्षभर असंच चाललंय. भांडण नको म्हणून सगळं धुऊन-पुसून बोलायचं. 'कशी आहेस?' 'बरी आहे.' त्यात ना ती असते, ना मी.

आज सकाळी कापसाने जाळीशी डोकं टेकवलं. मिरीने जरा वेळ पाहिलं आणि मग फटीतून त्याचं कपाळ चाटायला लागली.

मी ताईला फोन लावला. "त्या दिवशी तू सगळ्यांदेखत मला बोललीस, ते अजून लागतंय गं."

ती म्हणाली, "आत्ता कुठे तुझा आवाज ऐकला."