बाबांच्या जर्मन गाड्या

कुणी सहज म्हणालं, ‘आम्ही यंदा जर्मनीला चाललोय, सगळीकडे ट्रेननंच फिरणार,’ की माझं डोकं सणकतं. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नसतो. मी तोंडदेखलं ‘अरे वा’ म्हणते, गाड्यांबद्दल एक-दोन बऱ्या सूचना करते आणि तिथून उठते. सूचना अगदी अचूक असतात, कारण ती सगळी सहल मला पाठ आहे. अशी सहल आखायला मला आणि माझ्या वडिलांना सहा रविवार लागले होते.

बाबा रेल्वेत होते. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी इंजिनं असतात, त्यांना बँकर म्हणतात. बाबांनी आयुष्यभर बँकर चालवलं. घाट बघायला लोक लांबून येतात, पण बाबांना कामावर असताना समोर काय दिसायचं, तर शेवटच्या डब्याची मागची भिंत. पाऊस असो, धुकं असो, समोर तीच भिंत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी ते पहिल्यांदाच माझ्याकडे डब्लिनला तीन महिन्यांसाठी आले, तेव्हा मी विचारलं, ‘बाबा, युरोपात काय बघायचंय?’ ते जरा लाजून म्हणाले, ‘एखादा घाट बघू. खिडकीत बसून.’

मला जर्मनीच सुचलं, कारण नकाशावर तिथे रुळांचं जाळं सगळ्यात दाट दिसत होतं. आमच्या डब्लिनमधल्या, सँट्रीच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी सकाळी पोहे झाले की आम्ही बापलेक टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचो. माइंत्सहून कोब्लेन्त्सला जाताना ऱ्हाइन नदी उजवीकडे असते, म्हणून उजवीकडे बसायचं. वुपरटालला नदीच्या डोक्यावरून एक उलटी लटकणारी गाडी धावते, तिच्यात पुढून मागे आणि मागून पुढे, दोन्ही बाजूंनी बसायचं. आणि मग ब्लॅक फॉरेस्ट. तिथे फ्रायबुर्गहून एक गाडी अरुंद दरीतून वर चढते. बाबांनी तिच्या चढाचा आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला. आमच्या घाटाच्या दुपटीहून जास्त चढ होता तो.

‘आणि मागून बँकर नाही?’

‘नाही बाबा.’

‘नुसत्या पुढच्या ताकदीवर चढू राहिली?’ ते म्हणाले आणि हसायला लागले. असं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

या सहलीसाठी मी घरात सगळ्यांशी भांडले. नवऱ्याला किल्ले हवे होते, भाड्यानं गाडी काढून. मी म्हटलं, मोटारीतून किल्ले बघायला आयर्लंड काय कमी आहे? मुलीला कुठलंसं मोठं अम्युझमेंट पार्क हवं होतं. तिला म्हटलं, आजोबा लटकणाऱ्या गाडीत बसवणार आहेत, तेवढं पुरे. ती म्हणाली, ‘आई, दॅट्स अ बस विथ एक्स्ट्रा स्टेप्स.’ मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र तिच्या डब्लिनी इंग्रजीतच येतं. त्या पंधरा मिनिटांच्या भांडणात मी इतकी तापले की बाबाच म्हणाले, ‘राहू दे गं, पोरीला नको बोलू.’ मला तेव्हाही वाटलं होतं, ही एक गोष्ट तरी मी त्यांच्या मनासारखी, तंतोतंत करून दाखवीन.

तंतोतंत. हा शब्द मी वापरते आणि लाज वाटते. मी एका कारखान्यात व्हॅलिडेशनमध्ये काम करते. एखादं यंत्र सांगितल्याप्रमाणे चालतं हे कागदावर सिद्ध करायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. दोन माणसांनी तपासून सही केल्याशिवाय आमच्याकडे एक बटणसुद्धा दाबत नाहीत. त्याच मी, फ्रायबुर्गला गाडी बदलायला किती मिनिटं मिळतात, बाबांच्या गुडघ्यांना ती पुरतील का, लिफ्ट कुठल्या फलाटावर आहे, हे सगळं तपासलं होतं.

एका दुपारी कँटीनमध्ये मी हेच सगळं फुशारकीनं सांगत होते. ऐकणारी आमच्याच विभागातली नवी मुलगी, पुण्याची, एमएस्सी करून इथेच नोकरीला लागलेली. ती म्हणाली, ‘किती भारी! काकांचा शेंगेन तिकडूनच काढून आणला होता ना?’

शेंगेन म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा; आयर्लंड त्यात नाही, इथला व्हिसा तिकडे चालत नाही.

मला आयरिश पासपोर्ट मिळून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं मी उठून पॅरिसला गेले, लिस्बनला गेले, विमानतळावर तो लालसर पासपोर्ट दाखवला आणि पुढे चालू लागले. त्याआधी हीच मी फॉर्म, फोटो, बँकेची स्टेटमेंटं घेऊन पहाटे रांगेत उभी राहत होते, आणि काउंटरमागच्या माणसाच्या भुवईवर माझी सुट्टी अवलंबून असायची. ते सगळं मी विसरले होते. नुसतं विसरले नव्हते, माझ्या बापाचा पासपोर्ट अजून निळाच आहे, हेही विसरले होते. त्या मुलीला आठवलं, कारण तिला अजून व्हिसा लागतो.

‘इथून काढता येईल की,’ मी म्हटलं. तिनं मान खाली घातली. तिला माहीत होतं, फक्त माझ्या तोंडावर सांगायचं नव्हतं.

नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘अगं, होईल. इट्स ग्रँड. काहीतरी मार्ग असेलच.’ हा माणूस इथे आल्यापासून प्रत्येक संकटाला ग्रँड म्हणतो. मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बॉल्सब्रिजमधल्या एका वकीलबाईंकडे गेले. बाई सज्जन होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि पाच मिनिटांत सगळं संपवलं. बाबा इथे पाहुणे, रहिवासी नव्हेत. जर्मनीचा व्हिसा त्यांनी निघण्याआधी भारतातूनच घ्यायला हवा होता. मग त्यांनी बाबांच्या आयरिश व्हिसाचा मी काढून नेलेला फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, हा सिंगल एंट्री का घेतलात? समजा जर्मनीनं दार उघडलं असतं, तरी इथून एकदा बाहेर पडल्यावर त्यांना परत आत येता आलं नसतं. परतीचं विमान इथून होतं.

सिंगल का घेतलं? कारण इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर आई-वडिलांना बोलावण्याची एक अख्खी गीता तयार आहे, आणि तिच्यात लिहिलंय, सिंगलच मागा. मल्टिपल मागितलं की त्यांना शंका येते, म्हातारे इथेच राहतील म्हणून. गरिबासारखं कमी मागा, पटकन मिळतं. सगळे असंच करतात. मी स्वतः दोन जणींना हाच सल्ला दिलाय. आपल्या जन्मदात्यांसाठी अर्ज करताना आपण आधीच मान खाली घालून, अंग चोरून उभे राहतो आणि त्याला हुशारी म्हणतो. त्या चौकोनात टिक करताना मला आपण किती चतुर आहोत असं वाटलं होतं. मला त्या ग्रुपचा संताप आला, त्या नियमांचा आला, माणसाला जन्मलेल्या जागेवरून तोलणाऱ्या सगळ्या जगाचा आला. पण बसमध्ये बसल्यावर कळलं की फॉर्म भरणारा हात माझाच होता.

घरी आल्यावर बाबांना सरळ सांगितलं. ते सोफ्यावर बसले होते, मांडीवर सहलीची वही होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘पासपोर्ट बघू जरा.’

आता हेही सांगायलाच हवं. आई-वडील इथे उतरले की विमानतळावरच आपण त्यांचे पासपोर्ट काढून घेतो. हरवतील म्हणून. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हीच पद्धत आहे. माझ्याकडे तो स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये, फाइलमध्ये होता. प्रेस म्हणजे कपाट, इथे तसंच म्हणतात. बाबांचा हात तिथपर्यंत पोचत नाही. मी पासपोर्ट काढून दिला. त्यांनी व्हिसाचं पान उघडलं, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, जशी ते ड्यूटीवर निघताना नोटीस वाचत असणार. ‘लिहिलंय की इथं,’ ते म्हणाले. ‘सिंगल. स्वच्छ लिहिलंय.’

पहिल्याच रविवारी त्यांच्या हातात दिला असता, तर त्यांनी पहिल्याच रविवारी ‘यावर जाता येईल का’ विचारलं असतं.

‘ओरडा ना माझ्यावर,’ मी म्हटलं.

‘कशाला? तू कशाला जीव खाऊ राहिली? चुकतं माणसाचं.’

मला त्यांच्या या समजूतदारपणाचा असा राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. त्यांनी चिडावं, दोन शब्द बोलावेत, म्हणजे मलाही माझी बाजू मांडता येईल. त्यांनी उलट जेवताना मला आग्रहानं भाजी वाढली. पुढच्या रविवारी मी त्यांना डब्लिनजवळच्या ब्रेच्या पलीकडे, ग्रेस्टोन्सपर्यंत, समुद्राला खेटून जाणाऱ्या गाडीनं नेलं. मधे कड्यातले बोगदे आहेत, खाली लाटा. एरवी मला फार आवडतो तो रस्ता. बाबा खिडकीत बसले आणि दर पाच मिनिटांनी माझ्याकडे वळून ‘छान आहे’ म्हणत राहिले. लहान मुलाला औषध पाजल्यावर ते जसं शहाण्यासारखं वागतं, तसं.

मला सहलच रद्द करायची होती. बाबांनी ऐकलं नाही. म्हणाले, ‘पोरीची सुट्टी कशाला घालवू राहिली? तुम्ही दोघी जा. जावईबापू आहेत की माझ्यासोबत.’ मग मीच म्हटलं, मी तुम्हाला व्हिडिओवर सगळं दाखवीन, तिथेच बसल्यासारखं वाटेल. ते ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’ला मी होकार समजले.

आणि मी ते केलंही. ऱ्हाइनच्या काठानं जाताना उजवीकडे बसून फोन काचेला लावला. वुपरटालच्या गाडीत पहिल्या खिडकीशी उभी राहून, मागच्या माणसांची बोलणी खात, अख्खा प्रवास दाखवला. बाबा दर वेळी बघायचे, मान हलवायचे, ‘जेवलात का?’ विचारायचे. नवरा मागून अंगठा दाखवायचा. मला वाटायला लागलं, जमतंय. संध्याकाळी मी मुलीला म्हटलंदेखील की आजोबा खूश दिसताहेत. ती म्हणाली, ‘इज ही, रिअली?’ मी तिच्यावर खेकसले.

चौथ्या दिवशी फ्रायबुर्ग. बाबांनी ठरवल्याप्रमाणे आम्ही वीस मिनिटं आधी फलाटावर उभ्या होतो, खिडक्या मिळाल्या. गाडी गावाबाहेर पडली, दोन्हीकडचे डोंगर जवळ आले आणि मी फोन लावला. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले दिसले. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

‘बाबा, आता चढ सुरू. बघा, कळतंय का? ही दरी. हे खडक बघा किती जवळ. आता बोगदा. थांबा, चित्र अडकलं. आलं. आता पुढे मोठा दगडी पूल आहे, तो चुकवू नका हं.’ मी सहलीच्या गाइडसारखी बोलतच सुटले होते. मी फोन आणखी काचेशी नेला.

‘बाबा, दिसतंय ना?’

‘आई,’ मुलगी माझा दंड हलवत म्हणाली, ‘यू जस्ट मिस्ड द ब्रिज.’

मी फोन वळवून पाहिलं. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. तीन आठवडे मी त्यांच्या चिडण्याची वाट बघत होते. आताही आवाज चढला नाही.

‘बंद कर ते,’ बाबा म्हणाले. ‘दाखवायचं नव्हतं तू मला. न्यायचं होतं.’